खंडेनवमीला बदलायची यादी

भान्या,

आज खंडेनवमी. तुझ्या मशीनला हार मीच घातला. साफ मात्र नव्या ऑपरेटरने केलं होतं, मागच्या बाजूला ग्रीस तसंच राहिलेलं. कुणाला काही न बोलता मी चिंधी घेतली आणि पुसून काढलं. तू असतास तर म्हणाला असतास, "कारकुना, देवाला बी रिजेक्ट मारशील तू." तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. एवढ्या दिवसांत मला कुणीही कारकून म्हटलेलं नाही. बावीस वर्षं मी त्या नावावर चिडत होतो.

मशीनची पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटून झाले, मग मी बोर्डाकडे गेलो. कॅन्टीनच्या भिंतीवरचा आपला बोर्ड. कंपनीच्या मेडिक्लेमचं कार्ड कुठल्या हॉस्पिटलात चालतं, कुठे आधी पैसे न भरता दाखल होता येतं, त्याची यादी तिथे मी लावतो. हे काम मला कुणी दिलेलं नाही, ती माझी हौस. एचआरकडून यादी आली की मी ती दापोडीला स्टेशनजवळच्या दुकानातून लॅमिनेट करून आणतो, भोसरीची हॉस्पिटलं वर, पिंपरीची मधे, चाकणची खाली, आणि चार कोपऱ्यांना चार पितळी पिना. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, जुनी काढायची आणि नवी लावायची. मशीनला हार, बोर्डाला नवी यादी. तू हसायचास, पण रांगेत उभा राहून तीच यादी वाचायचास.

यंदाची नवी यादी श्रावणातच फोनवर आली होती. मी ती बघितली, म्हणजे उघडली. बारा पानं होती. म्हटलं, आता दसऱ्याला कितीसे दिवस राहिलेत? बोर्ड पुसायचाच आहे तेव्हा एकदमच लावू. प्लास्टिकमधला कागद फाटत नाही, पिवळा पडत नाही, त्यामुळे तो जुना झालाय असं कुणाला वाटतच नाही. मलाही वाटलं नाही.

त्या बारा पानांत तुझं हॉस्पिटल नव्हतं, भान्या. श्रावणातच गळालं होतं. हे तुला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी सांगितलंच नाही. आणि ते न सांगण्यासाठी जे बोललो, ते त्याहून वाईट होतं.

आपली पहिली ओळख आठवते का? कंपनी तेव्हा भोसरीच्या एमआयडीसीत होती, चाकणला गेली नव्हती. मी क्वालिटीत नवीन होतो आणि पहिल्याच आठवड्यात तू केलेल्या अख्ख्या ट्रेभर शाफ्टना मी लाल खूण केली. तू आलास तो अंगावरच. सुपरवायझर मधे पडला. मग मी तुझं माप तपासायचं गेज उलटं करून दाखवलं. त्यावरच्या स्टिकरची तारीख उलटून गेली होती, तपासणीला पाठवायचं ते तू तसंच वापरत होतास. मला वाटलं, आता हा हात उचलणार. तू गेज बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि सगळ्या लाइनसमोर मोठ्यांदा म्हणालास, "चूक माझी हाय. ह्या पोराची न्हाई." दिवसाचा पगार कापला गेला तुझा. संध्याकाळी गेटवर चहा तूच पाजलास.

आणि मग राहायला जागा नाही म्हटल्यावर तुझ्या खोलीवर घेऊन गेलास. पाच जण, चार खाटा. तू तिसऱ्या शिफ्टला, मी पहिल्या. मी उठायचो तेव्हा तू कामावरून यायचास आणि माझ्या अंगाच्या उबेवर झोपायचास. चार महिने आपण एकाच गोधडीत झोपलो आणि त्यात एकदाही एका वेळी नाही. तुझ्या आईने अंबाजोगाईहून पाठवलेली गोधडी होती ती. माझ्याकडून तू त्या चार महिन्यांचं भाडं घेतलं नाहीस. मी हिशेबाचा कागद करून आणला तर त्याची पुडी करून त्यात शेंगदाणे बांधलेस.

असा तू. कागद म्हटलं की तुला हसू यायचं. आणि मी असा, की गेजवरची तारीख बघितल्याशिवाय गेजला हात लावत नाही. पण यादीवरची तारीख मी बघितली नाही, ती माझीच होती म्हणून.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या पोटात पुन्हा कळ आली. पित्ताशयात खडे आहेत हे आधी कळलंच होतं. "आमच्या रानात दगडाशिवाय काय हाय? संगं आल्यात थोडे," असं तू सगळ्यांना सांगत फिरायचास. त्या दिवशी मात्र हसला नाहीस. तरी म्हणत होतास, "सरकारी दवाखान्यात जाऊ की. तिथले डॉक्टर काय कमी शिकल्याले असतेत का?" मी म्हटलं, कार्ड कशाला दिलंय कंपनीने? दर महिन्याला पगारातून कापून घेतात ते कशाला? तू म्हणालास, दोन दिवस थांबू, कळ जाते आपोआप. मी तुझ्यावर ओरडलो. वहिनींच्या समोर ओरडलो. फोनमध्ये बोर्डाचा फोटो होता तो तुझ्या नाकासमोर धरला. "हे बघ, यादीत आहे. एक रुपया भरायचा नाही. मी सांगतोय ना!"

तो वाद आपला अर्धाच राहिला. तू उठून चपला घातल्यास, एवढंच. हरलास म्हणून नाही, माझं मन मोडवेना म्हणून.

दाखल केलं. तिथे विम्याच्या टेबलावर एक मुलगी होती, तिने कार्डाची झेरॉक्स घेतली, म्हणाली, कळवते. दुपारी तुला आत नेलं. दुर्बिणीने होईल म्हणाले होते, पण आत सूज जास्त निघाली आणि पोट उघडावं लागलं. मी बाहेर बाकावर बसलो होतो तेव्हा तिने मला बोलावलं. "काका, आम्ही आता तुमच्या कंपनीच्या पॅनेलवर नाही. पैसे भरा, नंतर क्लेम टाका." मी तिला बोर्डाचा फोटो दाखवला. तिने तो बोटांनी मोठा केला, कोपऱ्यातली तारीख बघितली आणि फोन परत दिला. मग म्हणाली, दोन दिवस आधी कळवलं असतं तर विमा कंपनीशी बोलून काही करता आलं असतं.

दोन दिवस. तू दोन दिवसच मागत होतास.

मी अनामत भरली. घरी मंगलला खोटं सांगितलं आणि फिक्समधले काढले. मनाशी ठरवलं की हे माझ्या पातळीवर निस्तरायचं. तू शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलंस? "कार्ड चाललं का रं?" मी म्हटलं, प्रोसेस चालू आहे. सहा दिवस मी तुला प्रोसेस चालू आहे एवढंच सांगत होतो. अनंत चतुर्दशीची मिरवणूक खालून गेली तेव्हा तू उशीवर बोटांनी ताल धरला होतास आणि मी खिडकीत उभा राहून औषधांची बिलं मोजत होतो.

मग घरी सोडायचा दिवस. शेवटचं बिल आलं. आकडा इथे लिहीत नाही, तुला पाठ आहे. वहिनी माझ्या मागे मागे बाहेर आल्या. "भाऊजी, कार्ड का चालंना?"

तेव्हा सांगायचं होतं, भान्या. एवढ्या साध्या भाषेत त्यांनी विचारलं होतं. माझ्या तोंडून निघालं, "ते रूमचं काहीतरी अडलंय."

का तसं बोललो ते मला अजून कळत नाही. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. दोन-चार दिवसांत सगळं सुटेल, मग कोण विचारतंय, असं वाटलं. पण वहिनींचा चेहरा असा उतरला की विचारू नकोस. पहिल्या दिवशी जनरल वॉर्डातली गर्दी बघून दोन खाटांची खोली त्यांनी मागून घेतली होती, तुला झोप लागावी म्हणून. त्या तशाच वळल्या, तुझ्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं. खोली मी मागितली."

बघ, त्यांनी न केलेली चूक एका मिनिटात कबूल केली.

मोशीच्या फ्लॅटचं टोकन द्यायला ठेवलेले पैसे तिथे गेले. वन रूम किचन, बाराव्या मजल्यावरचं, जिथून तुझ्या लेकीला, प्राजूला, डोंगर दिसणार होता. ते पैसे तू आणि वहिनींनी अकरा वर्षं जमवले होते. रिक्षात तू एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं, टाके दुखत असतील.

त्यानंतरचे आठ दिवस मी रोज कंपनीची बस सुटली की आधी तुझ्या घरी येत होतो, मग दापोडीला. तुमच्या घरात काय चाललंय ते पहिल्याच संध्याकाळी दिसलं. तू वहिनींशी बोलत नव्हतास. "प्राजू, तुझ्या आईला म्हणावं पाणी दे." "प्राजू, तुझ्या आईला म्हणावं जेवण नको." ती पोरगी बारावीची पुस्तकं पुढ्यात घेऊन दोघांच्या मधे बसलेली, निरोप इकडून तिकडे नेत. वहिनी पदराला हात पुसत चहा ठेवायच्या आणि आत जायच्या. मी तो चहा पीत होतो. रोज पीत होतो.

रोज ठरवून यायचो, आज सांगायचं. बसमध्ये वाक्यं जुळवायचो. मोशीच्या चौकापर्यंत ती तयार असायची आणि तुझ्या दारात चपला काढताना जायची. वाटायचं, आधी क्लेम टाकू, तो मंजूर होऊ दे, पैसे आले की सांगू, म्हणजे तू दोन शिव्या देशील आणि हसशील. पैसे नाही आले तर? या प्रश्नाशी आलो की वाक्य तिथेच सोडून द्यायचो. माझी भीती एवढीच होती, की बावीस वर्षांत पहिल्यांदा तू माझ्याकडे त्या नजरेने बघशील.

सहाव्या दिवशी तू स्वतःच विचारलंस. "कारकुना, तुला तर सगळं म्हाईत असतंय. खोलीनंच झालं ना हे?" वहिनी आत होत्या, त्यांच्या हातातलं भांडं थांबलेलं मला ऐकू आलं. मी बशीत चहा ओतला आणि म्हणालो, "बघू, क्लेम टाकायचाय ना." तू मान हलवलीस. तुझ्या लेखी ते हो झालं.

दोन दिवसांनी सकाळी पायरीवर बसून तू चहा घेतलास. प्राजूला म्हणालास, "तुझ्या आईला म्हणावं, साखर कमी पडली." ती आत सांगायला गेली आणि बाहेर येईपर्यंत तू कलंडला होतास. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी त्यांना दोनदा विचारलं, काळजीने होतं का हो असं? ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. "नाही" म्हणाले असते तर मी त्यांच्या पाया पडलो असतो.

दहाव्याला मी एक वाक्य तयार ठेवलं होतं. मला वाटलं, कावळा शिवणार नाही, सगळे एकेक करून पुढे होतील, पोरीचं शिक्षण करू, वहिनींना बघू म्हणतील, आणि शेवटी मी जाऊन जे सांगायचं ते सांगीन. पान ठेवलं आणि आम्ही मागे सरकेपर्यंत कावळा आलासुद्धा. सगळ्यांना बरं वाटलं. "आत्मा शांत हाय," तुझा चुलता म्हणाला. मला मात्र तुझा राग आला. एवढी कसली घाई होती? कधी नव्हे ते मी बोलायला उभा होतो.

मग कागदांचं सुरू झालं. घरी सोडल्यापासून महिन्याच्या आत क्लेम द्यायचा असतो, त्यातले आता सहा दिवस उरलेत. अर्ज, डिस्चार्जचा कागद, सगळी बिलं मूळ, पावत्या मूळ, त्यावर आता तुझा मृत्यूचा दाखला आणि वहिनींच्या पासबुकाची झेरॉक्स. एक जरी पावती कमी पडली तर परत पाठवतात. औषधांची बिलं तू फेकली असशील या धास्तीने मी घाबरून वहिनींना विचारलं. त्यांनी तुझी डब्याची पिशवी आणून दिली. त्यात सगळी होती, भान्या. चुरगळलेली, एकावर पातळ भाजीचा डाग, पण सगळी. मी तीनदा मोजली. आयुष्यभर मी तुला कागद जपायला सांगत होतो आणि तू हे एकदाच ऐकलंस.

फक्त एक पत्र राहिलं होतं. यादीत नसलेल्या हॉस्पिटलात का गेलात, हे साध्या कागदावर लिहून द्यायचं, खाली वारसाची सही. पहिल्यांदा मी लिहिलं, तातडीची गरज होती. मग वाटलं, कागदपत्रांत खड्यांचं दुखणं आधीपासूनचं आहे असं लिहिलंय, खोटं धरलं तर सगळंच जाईल. दुसऱ्यांदा लिहिलं, रुग्णास माहिती नव्हती. ते खरं होतं, पण मग माहिती कुणाला होती? वहिनी ज्या कागदावर सही करतील तो त्या आधी वाचतील, हे मला माहीत होतं. दहावी झाल्यात त्या, आणि तुझ्यासारख्या न वाचता सही करणाऱ्या नाहीत.

आज बोर्डावरची जुनी यादी मी काढली. पिना इतक्या घट्ट बसल्या होत्या की स्क्रूड्रायव्हर लावावा लागला. ती यादी पिशवीत घातली, कॅन्टीनच्या बाकावर बसून तिसऱ्यांदा पत्र लिहिलं, कंपनीतून लवकर निघालो आणि ते घेऊन थेट तुझ्या घरी गेलो. त्यात लिहिलं होतं, कारखान्यातील फलकावर जुनी यादी लावलेली होती, नवी यादी येऊनही ती बदलली नव्हती, ते काम माझं होतं आणि माझ्या आग्रहावरून माझे मित्र तिथे दाखल झाले. खाली माझं पूर्ण नाव, कंपनीतला टोकन नंबर.

वहिनींनी कागद घेतला, दारातल्या उजेडाकडे धरला आणि ओळीखाली बोट फिरवत वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. प्राजू उंबऱ्यात उभी होती.

"म्हंजे खोलीचं काई नव्हतं?"

"नव्हतं, वहिनी. ती खोली आपल्या कार्डात बसत होती."

"त्ये आठ दिवस माझ्याशी बोलले न्हाईत, भाऊजी."

त्या रडतील असं वाटलं होतं, ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी प्राजूकडे पेन मागितलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि सही केली. पत्रातलं एक अक्षरही बदला म्हणाल्या नाहीत. सही करून कागद माझ्या हातात दिला. क्लेम मंजूर होईल का, किती कापतील, या पत्राने काम होईल की बिघडेल, मला काही ठाऊक नाही. उद्याचा दसरा झाला की परवा मी स्वतः जाऊन देणार आहे आणि पोच घेणार आहे.

चपला घालत होतो तेव्हा त्या दारात आल्या.

"मला सांगून काय उपेग? मी हाय हितंच. त्यास्नी सांगायला पायजे होतं तुमी."

म्हणून सांगतोय, भान्या. वहिनींनी मागितलेली खोली कार्डात बसत होती. यादी जुनी होती, ती मी लावली होती, आणि तू विचारलंस तेव्हा मी चहा पीत बसलो. चूक माझी हाय. त्यांच्यावरचा राग सोड.